दुखले नाही तरी

“काल व्यायाम करूनही आज काहीच दुखत नाही, म्हणजे तो वाया गेला का?” व्यायामशाळेत नव्याने येऊ लागलेल्या एका बाईंनी आज प्रशिक्षकांना विचारले, आणि त्यांनी उत्तर न देता बाईंच्या हातातील वजन वाढवले.

तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण आला, की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि वेदना साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. परंतु ती प्रगतीचे माप नव्हे. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागते म्हणून, आणि त्यासाठी अंग ठणकावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस करण्यास सांगते, रोज नव्हे. स्ट्रेचिंगही अंग गरम झाल्यावर, झटके न देता, ओढ जाणवेल पण कळ येणार नाही इतपतच करावे.

नवख्या माणसाला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पहिल्या आठवड्यातच जिना उतरणे अवघड झाल्यामुळे व्यायाम कायमचा सोडलेले कोणी तुमच्या ओळखीत आहे का?