डायरीतली लाल ओळ

‘क्लास में मारपीट करता है.’ शाळेच्या डायरीत लाल शाईनं एवढंच लिहून येतं आणि इंदुरातल्या एखाद्या मराठी घराचा संध्याकाळचा चहा बेचव होतो. आजी म्हणतात, याचा बापही असाच होता. बाप मोबाइलमध्ये डोकं खुपसतो. पहिलीतलं ते पोर मात्र बूट दाराशी भिरकावून केव्हाच खेळायला पळालेलं असतं.

त्या ओळीत नसतं ते महत्त्वाचं: कधी, कुठे, कुणाला, कशानंतर. मुलाला ‘का मारलंस?’ विचारून उपयोग नाही. सहा वर्षांच्या जिवाला ते खरंच ठाऊक नसतं. तो ‘असंच’ म्हणतो, किंवा आईच्या चेहऱ्यावर जे उत्तर दिसतं ते देतो. विचारायचं मॅडमना, आणि तेही सकाळी फाटकापाशी नाही. तिथं त्यांच्याभोवती आधीच दहा पालक असतात. डायरीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखून द्यावेत: आधी काय चाललं होतं, यानं नेमकं काय केलं, मग काय झालं. प्रत्येक रकान्यात दोन-तीन शब्द पुरेत. सगळा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंकडून निबंध मागू नये.

चार दिवसांत कागद बोलू लागतो. सगळ्या नोंदी टिफिनच्या आधीच्या तासाच्या असतील, तर अर्धा कप दुधावर निघालेलं पोट तपासावं. झोपाळ्यापाशीच्या असतील, तर भांडण आता कुणाची पाळी याचं आहे. आणि वही उघडली की शेजाऱ्याला ढकलत असेल, तर तिसरा रकाना नीट वाचावा. ‘वर्गाबाहेर उभं केलं.’ म्हणजे लिहिणं सुटलं! मॅडमच्या मते ती शिक्षा, त्याच्या हिशेबी सुटका. मग उद्या तो पुन्हा ढकलणारच. इथं रागावून काही होत नाही. पान अर्ध्यावर आणावं, पेन्सिल धरण्याची पद्धत पाहावी आणि ढकललं तरी बाकी राहिलेल्या दोन ओळी लिहून घ्याव्यात.

सोमवारची नोंद जरा वेगळी वाचावी. रविवारी रात्री सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडतात आणि खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस खाऊन घरी यायला बारा वाजतात. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते. सकाळी सव्वासहाला उठायचं असेल, तर पावणेनऊला डोळे मिटलेले हवेत. पाहुण्यांना सराफा दाखवायचाच असेल, तर शनिवारी दाखवावा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही. घरात मराठी, बाकावर हिंदी, फळ्यावर इंग्रजी. हातातली गाडी कुणी ओढली, की बोलायला हिंदी सुचेपर्यंत हात उठून मोकळा होतो. म्हणून तीन वाक्यं तोंडात बसवावीत: ‘अभी मेरी बारी है’, ‘मुझे भी खिलाओ’, ‘मैडम, ये मान नहीं रहा’. ती उपदेशानं बसत नाहीत, खेळानं बसतात. आजोबांनी वर्गातला दोस्त व्हावं, गाडी ओढावी. नातवानं वाक्य म्हटलं की लगेच परत द्यावी. रोज पाच मिनिटं. आजोबांना गंमत येते, ते ‘नाही देत जा’ म्हणून चिडवू लागतात आणि तिथंच गाडं फसतं. सुरुवातीला ते वाक्य दर वेळी फळलं पाहिजे, नाहीतर हातच बरा असं मूल धरून चालतं. नकार ऐकायचा सराव पुढच्या आठवड्यात.

कौतुकही नेमकं हवं. ‘शहाणं बाळ’ म्हटल्यानं काय जमलं ते कळत नाही. ‘ओढली नाहीस, मागितलीस’ म्हटलं की कळतं. फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावणार असाल, तर लक्ष्य अख्ख्या दिवसाचं ठेवू नका, टिफिनपर्यंतचं ठेवा. मिळालेली चांदणी काढून घेऊ नका. बक्षीस सायकलीचं नको. रविवारी सगळ्यांच्या पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरायचा मान पुरतो.

यात एक खड्डा आहे. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल तीच आधी जास्त जोरात करून पाहतं. बुधवार-गुरुवारकडे वागणं बिघडल्यासारखं वाटतं आणि बहुतेक घरं तिथंच हात टेकतात. त्या क्षणी माघार घेतली, तर जोर लावला की मिळतं, एवढंच तो शिकतो.

सर्दीनंतर ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार सुरू झाली असेल, तर कान दाखवून आणा. पडद्यामागे पाणी साठून कित्येक आठवडे कमी ऐकू येऊ शकतं. दिवसभर लघवी दाबून धरणारं मूलही चुळबुळतं, चिडतं. शाळेतल्या स्वच्छतागृहाला ते घाबरतं का, हे विचारावं. ‘दोन ठेवून द्या त्याला’ अशी मॅडमना मोकळीक देणाऱ्या काकांना सांगावं, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. घरच्यांच्या परवानगीनं ते सुरू होत नाहीत.

शनिवारी पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षकांची बैठक असेल, तर तो तीन रकान्यांचा कागद घेऊन जावा. मुलाला खुर्चीत बसवून त्याच्यादेखत त्याची फिर्याद ऐकू नये. त्याला मैदानात सोडावं. मॅडमना आधी विचारावं, कोणत्या तासाला तो नीट असतो? उत्तर बहुधा मिळतं: चित्रकला, खेळ, गोष्टीचा तास. तिथं काय वेगळं घडतं, ते लिहून घ्यावं. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवावी, झोपाळा किंवा वही; आणि ती मॅडम, आजी, आजोबा, वॅनवाले भैया या सगळ्यांना एकाच शब्दांत सांगावी.