मानेतली गाठ: आधी सुई, सुरी नंतर

आजच्या ओपीडीनंतर हे लिहायलाच हवं. मानेत कडक, न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे टिकली तर आधी तोंड, जीभ, घसा तपासून घ्या. तंबाखू-मिश्री असेल तर नक्कीच. मग सोनोग्राफीत बघून बारीक सुईने पेशींची तपासणी. सुईला घाबरू नका. घाबरायचंच तर गाठ थेट कापण्याला घाबरा: आवरण फुटून पेशी सांडू शकतात, पुढचं ऑपरेशनही अवघड होतं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ हाताला लागत नसली तरी मानेतल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड्स, कॅन्सर आधी पसरतो त्या छोट्या ग्रंथी) पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या अशा रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत ६७.५.

ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. ग्रंथी किती तपासल्या (१८ तरी हव्यात) आणि कॅन्सर ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलाय का. गेला असेल तर रेडिएशनसोबत सहसा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं, म्हणून त्याआधी खराब दात काढायचे असतील तर लगेच काढा. जखम भरायला दोनेक आठवडे जातातच.

आणि मानेच्या ऑपरेशननंतर हात वर जात नसेल तर सहसा खांद्याची नस दुखावलेली असते. फिजिओथेरपी लांबवू नका.