वाडी गेली, देव आहे

देवावर भार टाकणं म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं नव्हे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि इकडे दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात आमची पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी आडवी झाली. पोफळ धरायलाच पाच-सात वर्षं लागतात, आणि ही तर आजोबांनी लावलेली! बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "महाराजा, होतं ते तुझंच होतं. आता उभं राहायचं बळ दे." मग कोयता घेऊन वाट मोकळी करायला गेले. पंचनामा, भरपाई, त्यासाठीही धावले; धावायलाच हवं. मी मात्र तेव्हापासून आमच्या गावच्या कड्यावरच्या गणपतीकडे 'हे राख, ते राख' असं मागत नाही. सोबत राहा, एवढंच म्हणते. वादळाचा इशारा आला की पोटात गोळा येतोच, पण रात्री झोप लागते.