काय पडलं?

परवा दुपारी जरा डोळा लागत होता आणि स्वयंपाकघरात झाकण पडलं. उठले नाही, पडल्यापडल्या ऐकत राहिले. आधी एक ठण्ण. मग ऐसपैस ठणन्... ठणन्... मग घाई, ठणठणठण, मग नुसती थरथर आणि एकदम चिडीचूप.

भोवरा, झोका, पंखा, सगळे थांबताना मंदावतात. झाकणाचं उलटं. कड जमिनीकडे झुकत जाते तशी त्याची लगबग वाढते आणि ऐन घाईत ते संपतं. या आवाजाला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. एरवी धातूच्या बाबतीत मराठी इतकी उधळी, की तेवढीच उणीव डाचते.

आमच्या आजीला असं काही डाचत नसे. काही पडलं की बाकीचे ‘काय पडलं?’ विचारायचे, ती आतल्या खोलीतून सांगायची. ‘तांब्या. पितळेचा.’ ‘पेला, रिकामा होता.’ एकदा आम्ही तिची परीक्षा घ्यायला मुद्दाम चमचा टाकला. आतून उत्तर आलं, ‘चमचा. आणि पडला नाही, टाकलाय.’

लाकडावर मारलं की टक, खट, ठक. लाकूड कंप गिळून टाकतं. शब्दही तसाच, दार आपटल्यासारखा बंद होतो. धातू गिळत नाही, घुमत राहतो. मग आपण शेवटी ण नाहीतर न लावतो: खण, ठण, झण, छन, किण. ण म्हणताना तोंडाची वाट बंद असते, पण आवाज नाकातून निघतच राहतो, श्वास पुरेल तितका. ठण हवा तेवढा लांबवा, ठणणणण. ठक लांबवून बघा बरं! लॅटिनमध्ये छोट्या घंटेला टिंटिनाबुलुम म्हणत, इंग्रजीत क्लँग आहे, जर्मनमध्ये आवाजालाच क्लांग म्हणतात, आणि गाँग तर थेट मलय भाषेतून जगभर गेला. धातू वाजला की माणसं नाकात बोलू लागतात.

मात्र कानावर फार भरवसा ठेवू नये. लोहाराचा घण घणघण वाजतो म्हणून घण, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. तो निघाला संस्कृत घन, मारणे या अर्थाच्या हन् धातूपासून आलेला. व्याकरणातही धातूच, हा विनोद ज्याने केला त्याला नमस्कार.

ठणची तर तऱ्हाच न्यारी. तडा नसलेलं भांडं स्वच्छ वाजतं, तडा गेलेलं बद्द. म्हणून आजारातून उठलेला माणूस ठणठणीत. पण रिकामं भांडंही वाजतंच, म्हणून खिशात दमडी नसलेला ठणठणगोपाळ. दुखऱ्या दाढेत घाव बसत राहतात तो ठणका, आणि समोरच्याच्या डोक्यात घातलेला घाव म्हणजे ठणकावून सांगणं. झणझणीत तर कानातून निघून जिभेवर जाऊन बसलं. आणि झिणझिण्या! मांडी घालून बसलेल्या पायात कुठली आली घंटा? पण ज्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्याला आवाज कातडीतून ऐकू येत असणार.

संस्कृतात एक जुनी समस्यापूर्ती आहे. ‘ठठं ठठं’ असल्या निव्वळ ठणठणाटाची ओळ दिली आणि श्लोक पुरा करायला सांगितलं. कवीने राज्याभिषेकाचा थाट मांडला, एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटवला आणि पायऱ्यांवरून गडगडत सोडला. झाला श्लोक. सोन्याचा घडा खरंच ठं म्हणतो का, हे पडताळायची माझी ऐपत नाही. पण तो खाली पोचल्यावर काय झालं, हे कवीने सांगितलेलं नाही. शेवटची ती घाईची थरथर त्यालाही जमली नसावी, असं मला उगाच वाटतं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आजीला ऐकू येईनासं झालं. एकदा तिच्या पाठीमागे फडताळातून झाकण पडलं आणि फिरत बसलं. तिने मान वळवली नाही. आम्ही सगळे जागच्या जागी उभे, झाकणाचं एकदाचं संपेपर्यंत. ती अनवाणी होती. जरा वेळाने पायाकडे बघत म्हणाली, ‘ताट पडलं ना?’

आम्ही हो म्हटलं.