पावलं पडतात तिथली झीज: आमची वाटचाल

सुरुवातीची काही वर्षं आम्ही फक्त घासाई करत होतो. लाकडी जमीन घासायची, भेगा भरायच्या, पॉलिश मारायचं आणि पुढच्या कामाला निघायचं. दोघे भाऊ आणि घासाईचं एक मशीन, एवढाच धंद्याचा पसारा. जुनी जमीन नव्यासारखी करून देणारे, अशीच आमची ओळख होती.

मग एका बाईंनी उलटंच काम सांगितलं. ओकच्या कोऱ्या करकरीत फळ्या, आणि त्या त्यांना पन्नास वर्षं वापरल्यासारख्या हव्या होत्या. आम्ही हो म्हणालो आणि साखळी, हातोडा घेऊन दोन दिवस फळ्या बडवल्या. तिसऱ्या दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही जुनी नाही दिसत हो, मार खाल्लेली दिसते."

खरंच होतं ते. साखळीच्या त्याच कडीचा ठसा हातहात अंतरावर उमटला होता. जिथे कपाट उभं राहणार त्या कोपऱ्यात जेवढे खड्डे, तेवढेच दारात. ते काम आम्ही पदरमोड करून पुन्हा केलं, पण त्याआधी मुदत मागून घेतली.

त्या मुदतीत घासायला घेतलेली प्रत्येक जुनी जमीन आम्ही आधी गुडघ्यावर बसून पाहिली. बॅटरी जमिनीला टेकवून तिरपा उजेड टाकला की सगळं दिसतं. दारातून ओट्याकडे जाणारी वाट खोलगट झालेली. फळ्यांच्या कडा आधी गोल होतात, मधला भाग नंतर. गाठी कठीण, म्हणून आजूबाजूचं लाकूड झिजलं तरी त्या उंचवट्यासारख्या वर राहतात. कपाटाखाली मात्र रंध्याच्या खुणासुद्धा जशाच्या तशा. गालिचा उचलला की खाली वेगळाच रंग, कारण उजेडाने ओक आणि चेरी गडद होत जातात, तर अक्रोडाचं लाकूड फिकं पडतं. आमची खरी शाळा हीच.

आता हत्यारांची निवडही लाकूड पाहून होते. ओक किंवा ॲशमध्ये वसंतातली वाढ मऊ आणि उन्हाळ्यातली कठीण असते. रेषेच्या दिशेने तारेचा ब्रश फिरवला की मऊ भाग निघून जातो आणि कठीण रेषा हाताला लागते. मेपल आणि बीचमध्ये हा फरक फारसा नसतो. तिथे ब्रशने नुसते ओरखडे उठतात, म्हणून आम्ही हाताने स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं पातं, चालवतो. वेळ लागतो, पण उजेडात येणारी हलकी लाट मशीनने येत नाही.

रंगाचा धडा एका चुकीतून मिळाला. ओकच्या जमिनीवर पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा बोळा, फिरवलं आणि वर वॉटर बेस्ड पॉलिश मारलं. सकाळी पाहतो तर जमीनभर काळे ठिपके. ओकमधलं टॅनिन (लाकडातलाच एक तुरट पदार्थ), लोखंडाचे बारीक तुकडे आणि पाणी एकत्र आल्यावर दुसरं काय होणार! पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडने एकेक ठिपका घालवला, जमीन पाण्याने पुसून घेतली, वाळू दिली आणि पुन्हा सुरुवात केली. पण तो काळा रंग भावाच्या डोक्यातून जाईना. आता आम्ही स्टील वूल व्हिनेगरमध्ये विरघळवून, गाळून, तेच पाणी मुद्दाम ओकवर लावतो. करडेपणा लाकडाच्या आतून येतो, वरून फासल्यासारखा दिसत नाही. मेपलमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यावा लागतो, चहात टॅनिन असतंच. प्रत्येक फळी रंग वेगळा धरते, त्यामुळे त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना दाखवल्याशिवाय आम्ही जमिनीला हात लावत नाही.

काही कामांना आम्ही सरळ नाही म्हणतो. अस्सल लाकडाचा वरचा थर दोन-तीन मिलिमीटरचाच असेल, तर खोल खरवडणं म्हणजे त्या जमिनीचं पुढचं आयुष्य खाणं. ओक गडद करणारी अमोनियाची धुरी राहत्या घरात देत नाही. आणि तेलाचे बोळे कामाच्या जागी गोळा करून कधीच ठेवत नाही. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेट घेतो. नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी सांगतो.

वर शक्यतो हार्डवॅक्स तेल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण. चकचकीत थर चढवला की खालची सगळी मेहनत काचेआड जाते. शिवाय तेलाच्या जमिनीवर नेमका खराब झालेला तुकडाच दुरुस्त करता येतो.

काम सुरू करण्याआधी आम्ही घरच्यांना विचारतो, पलंग कुठे, टेबल कुठे, सकाळी उठून आधी कुठे जाता? मग भाऊ जमिनीवर खडूने वाटा आखतो आणि झीज त्या वाटांवरच करतो.

त्या बाईंच्या घरी तेलाचा हात द्यायला अजून जातो. मागच्या खेपेला पलंगाशेजारी एक नवी झीज दिसली, आमच्या वाटेच्या हातभर बाहेर. त्यांनी पलंग सरकवला होता. आता आम्ही खडू हातात घेण्याआधी हेही विचारतो, की पुढे सामान कुठे हलवायचा विचार आहे का.