तुम्ही विचारलंत म्हणून: खाली गेलेल्या टीमसाठी अजून का जागता?

“तुमची ती इंग्लंडची टीम परत खाली गेली म्हणे. मग आता कशाला जागताय?” हा प्रश्न मला बँकेत शेजारच्या काउंटरवरून येतो, जिन्यात येतो, वास्तुशांतीच्या पंगतीतही येतो. विचारणाऱ्यांना काळजी असते. सकाळी माझे डोळे लाल दिसतात, म्हणून विचारतात. आजवर मी “सवय झालीय” एवढं सांगून पुढे जात आले. ते खरं उत्तर नव्हतं.

टीम म्हणजे लेस्टर सिटी, इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. तिकडच्या सगळ्यात वरच्या वर्गात, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, 20 संघ असतात. ऑगस्ट ते मे असा हंगाम संपला की तळाचे तीन खालच्या वर्गात, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जातात. आमचे लोक मे 2023 मध्ये गेले, 2024 मध्ये वर आले आणि 20 एप्रिल 2025 ला, पाच मॅचेस शिल्लक असतानाच, पुन्हा गेले.

‘आमचे’ म्हणते, कारण माझा आतेभाऊ 2009 साली नोकरीसाठी लेस्टरला गेला. त्याच वर्षी हा क्लब तिसऱ्या वर्गातून वर आला होता. स्थिरस्थावर झाल्यावर त्याने सीझन तिकीट काढलं आणि दर रविवारी मामाला, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर आदल्या दिवशीची मॅच सांगायला लागला. अप्पा रेल्वेत होते, मिरजेला. तरुणपणी ते गोलकीपर म्हणून खेळले. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. त्यामुळे भाच्याच्या फोनची ते चहा बाजूला ठेवून वाट बघायचे.

2015-16 चा हंगाम आम्ही सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी बघितला. शनिवारच्या मॅचेस तिकडे दुपारी तीनला, इकडे थंडीत साडेआठला. घरात सातजण असायचे, मध्ये भडंगाची परात. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर जिंकेल यावर तिथले बुकी एकास पाच हजार भाव देत होते. चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांकडेच असायचा. कान्टे तो काढून घ्यायचा, महरेझ वळवायचा, वार्डी पळायचा. संपलं. 2 मे 2016 ला आमच्या मागे दुसऱ्या नंबरावर असलेलं टॉटनहॅम चेल्सीशी 2-2 बरोबरीत अडकलं आणि मैदानात न उतरताच आमचे लोक चॅम्पियन झाले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजत आले होते. अप्पांनी उठून सगळ्यांना चहा केला.

अप्पांनी डोळ्यांनी नीट बघितलेला तो शेवटचा हंगाम. काचबिंदू आधीपासून होता, पण कळला उशिरा. पुढच्या दोन वर्षांत नजर कडेकडेने आत येत गेली. आता टीव्ही त्यांच्यासाठी उजेडाचा एक तुकडा आहे. म्हणून मॅच मी सांगते. मराठीत, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत.

तुम्ही विचारता की हरणाऱ्या टीमचा खेळ बघवतो तरी का. मला तो आधी सांगवतो का, हा प्रश्न पडतो. खेळण्याच्या पद्धतीवर लोक वाद घालतात, तो वाद मला माझ्या घशात कळलाय. 2023 मध्ये खाली गेल्यावर एन्झो मारेस्का नावाचे प्रशिक्षक आले. त्यांच्या खेळात कीपर हर्मनसन चेंडूवर बूट ठेवून उभा राहायचा, समोरचा अंगावर येईपर्यंत. उजवा बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, रिकार्डो परेरा आपली कड सोडून मैदानाच्या मध्यात येऊन थांबायचा. चेंडू डावीकडे, परत मागे, परत उजवीकडे. मी सांगायचे, “कीपर. डावा सेंटर बॅक. कीपर. उजवा. मध्ये रिकार्डो. परत कीपर.” त्या वर्षी बऱ्याच मॅचेस टीव्हीवर मिळायच्याही नाहीत. मग मी इंग्रजी समालोचन एका कानाला लावून तेच मराठीत सांगायचे. त्या दोघा समालोचकांचीही दमछाक व्हायची.

आमच्या शेजारचे काका कवठेपिरानचे. मारुती माने यांचं गाव, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणणाऱ्या मारुती मान्यांचं. काकांनी लहानपणापासून निकाली कुस्त्या बघितलेल्या. त्यांना हा खेळ सोसेना. “नुसती खडाखडी चाललीय की रं! दहा मिनिटं झाली, पट काढा म्हणावं!” तिकडे लेस्टरच्या स्टेडियममध्येही हेच चाललं होतं. संघ तक्त्यात सगळ्यात वर होता, तरी चेंडू मागे गेला की लोक कण्हायचे. जानेवारी 2024 मध्ये स्वान्सीला 3-1 हरवल्यावर मारेस्का उघडच म्हणाले की मी हीच कल्पना घेऊन आलोय, तिच्याबद्दल शंका असेल तर मी दुसऱ्या दिवशी जाईन.

लोक म्हणतात, प्रेक्षकांना फक्त निकाल हवा असतो, शैलीची तक्रार ही हरल्यानंतरची पळवाट. मला हे पटत नाही. ते लोक जिंकत असताना कण्हत होते. शनिवारची दुपार, पगारातले पैसे, पोराचा हात धरून केलेला प्रवास, एवढं देऊन माणूस नुसते जिंकल्याचे तीन गुण न्यायला येत नाही. त्याला छातीत काहीतरी हललेलं हवं असतं. ते मागण्याचा त्याला हक्क आहे.

पण अप्पांनी मला दुसरी बाजू दाखवली. एका रात्री ते वैतागून म्हणाले, “तू नुसता चेंडू सांगतीस. जागा सांग की.” मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, कीपर चेंडू धरून उभा आहे तेव्हा समोरचे किती पुढे आलेत ते सांग. त्यांच्या पाठीमागं किती मैदान मोकळं झालं ते सांग. मी बघायला लागले. खरंच, हर्मनसन थांबला की समोरचे दोघं तिघं लोभाने वर यायचे आणि त्यांच्या मागे अंगणाएवढी जागा सुटायची. पुढचा पास तिथेच जायचा. मी इतके महिने मॅच बघत होते आणि बघितलंच नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याने मला दाखवलं, हे लिहितानाही मला भरून येतं.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं. अप्पा तरुणपणी पहाटेपर्यंत तिथे बसलेले. ते काकांना म्हणाले, “विलंबितात सम कुठं आहे ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, तरी गवय्या वाट बघायला लावतो. ही पोरं तेच करायलेत. सम येते, जरा दम धर.” काकांना ते पटलं नाही. पण सम आली. 26 एप्रिल 2024 ला वर जायच्या शर्यतीतला लीड्स संघ क्यूपीआर या क्लबकडून 4-0 हरला आणि आमचं वर जाणं नक्की झालं. 97 गुण घेऊन पहिला नंबर. वार्डीने वयाच्या सदतिसाव्या वर्षी लीगमध्ये 18 गोल केले.

मग मारेस्का चेल्सीला गेले. स्टीव्ह कूपर आले, नोव्हेंबरात त्यांना काढलं, व्हॅन निस्टलरॉय आले. 8 डिसेंबर 2024 ला ब्रायटनशी घरच्या मैदानावर 2-2 झालं, शेवटचा गोल जादा वेळेत. मी इतक्या जोरात ओरडले की काकू दारात आल्या. त्यानंतर घरच्या मैदानावर गोलच झाला नाही. वुल्व्ज, मँचेस्टर सिटी, पॅलेस, फुलम, आर्सेनल, ब्रेंटफर्ड, मँचेस्टर युनायटेड, न्यूकॅसल, लिव्हरपूल. सलग नऊ हार, एकही गोल नाही. इंग्लंडच्या लीगच्या इतिहासात असं आधी कुणाचंच झालं नव्हतं. आता चेंडू धरून ठेवण्याची तक्रार करायला जागा नव्हती, धरतच नव्हते. अप्पा एकदाच म्हणाले, “आता नुसती वाट.” हरण्यापेक्षा मला हे जास्त लागलं. हरा, पण चेंडू पुढे न्या. समोरच्याच्या गोलपर्यंत जाऊन चुका. मला सांगायला काहीतरी द्या.

आणि याच काळात आमच्याकडे दुसरा वाद पेटला, जायचं की नाही याचा.

आतेभावाने फेब्रुवारीत जाहीर केलं की पुढच्या वर्षीचं सीझन तिकीट तो काढणार नाही. स्टेडियम बत्तीस हजारांचं. 2023 मध्ये खाली गेल्यावरही तिथे दर मॅचला तीस हजारांच्या वर माणसं येत होती, त्यात हाही होता. आता त्याचं म्हणणं असं की, मामा, खेळाडू विकत घेणारे, प्रशिक्षक नेमणारे लोक खुर्ची भरलेली दिसली की समजतात सगळं ठीक आहे. ओरडून झालं, फलक धरून झाले. पैसे न देणं एवढंच माझ्या हातात उरलंय.

अप्पा म्हणाले, “तू गेला नाहीस हे त्यांना कळेल. का गेला नाहीस हे कसं कळेल? मंडळाला वाटेल, पाऊस होता.”

“मग काय करू, मामा? गप बसून बघू?”

“बसून बोंब मार. पण बस. खेळणाऱ्या पोराला मंडळ दिसत नाही. त्याला तूच दिसतोस.”

मग त्यांनी ते सांगितलं, जे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांच्या संघाची एक मॅच पावसात झाली. बघायला अकरा माणसं. कीपरला मोजायला वेळ असतो. सहा गोल खाल्ले त्यांनी. अकरापैकी एकही हलला नाही. एक बाई टोपलीवर पोतं घेऊन उभी होती, ती तर कुणाची कोण तेही कधी कळलं नाही. अप्पांना त्या मॅचमधले सहा गोल आठवत नाहीत, अकरा माणसांच्या जागा आठवतात.

मी कुणाच्या बाजूची? मला आतेभावाचं दुःख कळतं. तो वर्षानुवर्षं गेलाय. मी सोफ्यावर बसून त्याला निष्ठा शिकवणं मला शोभणार नाही. तिकिटाचे पैसे, थंडी, दोन तास रांगेतली गाडी, हे माझं नाही. ज्याने खर्च केलाय त्याला थांबण्याचाही अधिकार आहे, आणि तो थांबला म्हणून त्याचं प्रेम कमी झालं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण एक सांगते. अप्पांना मैदानातली माणसं ऐकू येतात. मी सांगायच्या आधी त्यांना कळतं. खुर्ची उचलली गेल्याचा खट्ट आवाज, उतरत्या पायऱ्यांची कुजबुज, समोरच्या संघाच्या कोपऱ्यातलं गाणं अचानक मोठं वाटणं, कारण बाकीचं स्टेडियम रिकामं झालेलं असतं.

लिव्हरपूलच्या मॅचला, ज्या रात्री आम्ही खाली गेलो त्या रात्री, बदली म्हणून आलेल्या अलेक्झांडर-आर्नोल्डने 76 व्या मिनिटाला गोल केला. कॅमेऱ्यात लोक उठून जाताना दिसले. मी ते अप्पांना सांगितलं नाही. मी चेंडूच सांगत राहिले. ते मध्येच म्हणाले, “गेले का गं लोक?” मी म्हणाले, “थोडे.” ते म्हणाले, “थोडे नाहीत.” त्या रात्री मी पहिल्यांदा मॅच खोटी सांगितली होती आणि पकडले गेले. तेव्हापासून मी त्यांना खुर्च्याही सांगते.

काका आता येत नाहीत. सातजणांतले आम्ही दोघं उरलो. त्यांच्यावर राग नाही, त्यांनी खडाखडी भरपूर सोसली.

18 मे ला वार्डीची लेस्टरसाठी शेवटची मॅच होती, इप्सविचशी. 2012 मध्ये तो फ्लीटवुडहून आला, तेव्हा आम्ही त्याचं नाव आतेभावाच्या तोंडून ऐकलं होतं. क्लबसाठी त्याची ही पाचशेवी मॅच, आणि गोल 199. तोवर संघ खाली जाऊन महिना होत आला होता. निकालाने काहीही बदलणार नव्हतं. आतेभाऊ आठवडाभर म्हणत होता की जाणार नाही. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, बाहेर वळवाचा पाऊस. अप्पा रेल्वेतल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

मॅच सुरू होण्याआधी मी नेहमीसारखा आवाज वाढवला आणि सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. मान थोडी तिरकी करून ऐकत राहिले, गाणं सुरू होण्याआधी तंबोरे जुळताना ऐकावं तसं. मी गप्प बसले.

“भरलंय,” ते म्हणाले.

पहिल्या अर्ध्यात वार्डीने दोनशेवा गोल केला. तो मी सांगितला, जागेसकट. मध्यंतराला माझ्या फोनवर आतेभावाचा फोटो आला. त्याची नेहमीची खुर्ची, समोर हिरवं मैदान, फोटोत त्याचा गुडघा. अप्पांनी विचारलं काय आहे. मी सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला, त्यांना काही दिसत नाही तरी बराच वेळ धरून ठेवला, आणि मग म्हणाले, “ऑगस्टला किती वाजता असतंय गं? साडेसातच ना?”