व्हेगासची शूटिंग रेंज : नियम पटले, बिल नाही पटलं

लॉस एंजेलिसकडून लास व्हेगासला गाडीने जायचं म्हणजे आय-१५ महामार्गाने मोहावी वाळवंट पार करायचं. बेकर नावाच्या गावात १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. शेजारच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, म्हणून तेवढ्या फुटांचा. तिथे पाय मोकळे केले आणि पुढे निघालो. गाडीत माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, भाचा आणि मी. दादाकडे ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे, भाचा एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आणि मी टुरिस्ट व्हिसावर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

व्हेगास जवळ आलं की रस्त्याकडेच्या फलकांवर बंदुका दिसायला लागतात. हॉटेलवरून फुकट ने-आण, अमुक डॉलरमध्ये इतक्या बंदुका, अशा जाहिराती. अशाच एका शूटिंग रेंजवर, म्हणजे पैसे भरून बंदूक चालवायच्या जागी, भाच्याने दादाचं आणि स्वतःचं बुकिंग आधीच ऑनलाइन करून ठेवलं होतं. माणशी ९९ डॉलर, पैसे आगाऊ. मला फक्त बघायचं होतं. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ रायफल चालवली होती, तेव्हापासून नेमबाजीची ओढ आहे. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं, त्या दिवशी आमच्या घरात दिवाळी होती. त्यामुळे अमेरिकेतली इनडोअर रेंज आतून कशी असते याची मला मनापासून उत्सुकता होती.

काउंटरवर ओळखपत्रं मागितली. भाच्याचा पासपोर्ट उलटसुलट करून बाईंनी विचारलं, "शिकारीचं लायसन्स आहे का?"

आम्ही तिघंही गप्प. मग त्यांनी नियम सांगितला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९८ पासून अशी तरतूद आहे की तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस हातात घेता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात आली. एच-१बी आला, माझा टुरिस्ट व्हिसाही आला, ग्रीन कार्डवाला दादा तेवढा सुटला. ब्रिटन, फ्रान्स, जपानचे पर्यटक मात्र व्हिसाविनाच येऊ शकतात, म्हणून त्यांना ही अट लागू होत नाही. आम्हा भारतीयांना व्हिसा घेतल्याशिवाय येताच येत नाही, आणि तो घेतला की बंदूक बंद.

कायदा रेंजने केलेला नाही, आणि तो पाळल्याबद्दल त्या बाईंना मी बोल लावणार नाही. पण बुकिंग करताना नाव, जन्मतारीख, कार्ड नंबर, जेवणाची आवड सुद्धा विचारली होती. व्हिसाचा प्रश्न तेवढा कुठेच नव्हता. भाच्याने पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे." जी गोष्ट तुम्ही कायद्याने विकूच शकत नाही तिचे पैसे ठेवून घ्यायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

दादाचं बिल आलं तेव्हा ९९ चा आकडा कुठल्या कुठे गेला होता. इन्स्ट्रक्टरचे वेगळे, कानावरचे मफ आणि चष्म्याचं भाडं वेगळं, कागदी टार्गेटचे वेगळे. मी नुसती मागे उभी राहणार, तर माझे प्रेक्षक म्हणून १० डॉलर. वर क्लार्क काउंटीचा ८.३७५ टक्के विक्रीकर, आणि शेवटी टीपचा स्क्रीन, सुरुवात २० टक्क्यांपासून. दीडशेच्या बरंच पुढे गेलं. चष्मा आणि मफ घातल्याशिवाय आत सोडतच नाहीत, मग त्यांचं भाडं पॅकेजच्या बाहेर कसं? सक्तीची वस्तू किमतीतच धरायला हवी.

आत गेल्यावर मात्र माझा राग बराच शांत झाला. ९ मिमी पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानात फोमचे बोळे आणि वरून मफ. मानेवर मागून सतत थंड हवा लागत होती. ती एसीची हवा नव्हे. गोळी सुटली की शिशाची बारीक धूळ उडते, ती नेमबाजाच्या नाकात न जाता टार्गेटकडे ढकलली जावी म्हणून मिनिटाला साधारण ७५ फूट वेगाने हवा पुढे सोडतात आणि पलीकडे गाळून बाहेर काढतात. ही यंत्रणा सतत चालवायची, फिल्टर बदलायचे, म्हणजे खर्च आहेच. लेनचे, म्हणजे नेम धरायच्या जागेचे, पैसे जास्त वाटले तरी ते कुठे जातात हे दिसत होतं. निघताना हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायला सांगतात, तेही शिशासाठीच.

दादाच्या पहिल्याच गोळीची पुंगळी बाजूच्या पत्र्यावर आपटून त्याच्या कॉलरवर आली. त्याने झटकन वरचं बटण लावलं. गळाबंद शर्ट आणि बंद बूट हवेत असं बजावतात ते यासाठी. तापलेलं पितळ चांगलंच भाजतं. सेकंदाला एकच गोळी, लाल रेषेपुढे पाऊल नाही, बाहेरची काडतुसं आणलीत तर आधी लोहचुंबक लावून बघणार. पोलादी गाभ्याच्या गोळीने ठिणगी पडते आणि खाली साचलेली बंदुकीची न जळलेली दारू पेटू शकते. लोक या नियमांवरही कुरकुरतात. मला ते सगळे पटले. २०१४ साली ॲरिझोनातल्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातली उझी ही ऑटोमॅटिक बंदूक आवरली गेली नाही आणि शेजारी उभा असलेला इन्स्ट्रक्टर गेला. हे माहीत असताना कोणी वयाच्या अटीवर वाद घातलेला मला ऐकवत नाही.

पण भाड्याच्या बंदुकीत रेंजचीच काडतुसं वापरा, दर दुकानाच्या जवळजवळ दुप्पट, आणि रिकाम्या पुंगळ्याही रेंजच्याच, याला सुरक्षेचं नाव कशाला? तो धंदा आहे. धंदा म्हणून फलकावर लिहा, माझी हरकत नाही.

आम्ही निघत होतो तेव्हा काउंटरवर एक गृहस्थ तावातावाने बोलत होते. एकटेच आले होते, स्वतःची बंदूक नव्हती, म्हणून त्यांना नकार मिळाला. अनेक रेंजवर असा नियम आहे की नवख्या माणसाला एकट्याला बंदूक भाड्याने द्यायची नाही, कारण काही जणांनी रेंजवरच भाड्याच्या बंदुकीने स्वतःचा जीव घेतला आहे. बाईंचा आवाज या वेळी अगदी मऊ होता. "पैसे पूर्ण परत करते, कुणाला तरी बरोबर घेऊन या," म्हणाल्या. त्यांना परतावा देता येत होता तर!

त्याच शहरातल्या हॉटेलांना मे २०२५ पासून रिसॉर्ट फी या सक्तीच्या जादा आकारासकट पूर्ण भाडं आधी दाखवावं लागतं, तसा केंद्रीय नियम झाला आहे. तो मुक्कामाच्या जागा आणि कार्यक्रमांची तिकिटं एवढ्यापुरताच आहे. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून बहुतेक सगळ्याच वस्तू-सेवांना तसा कायदा लावला. नेवाडातल्या रेंजनाही तो लागला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याने बुकिंगच्या फॉर्मचे स्क्रीनशॉट जोडून कार्ड कंपनीकडे तक्रार केली आहे. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर ऑनलाइन पैसे भरू नका. आधी फोन करा, आपला व्हिसा कुठला ते सांगा, टीप सोडून सगळं धरून शेवटचा आकडा किती ते विचारा, आणि तो ईमेलवर लिहून मागा.